भिवंडीत हैदराबादी जेवण शोधताना

कापडाच्या तिजारतीत माल पारखायला वडीलधारे शिकवतात, पण खरेदीच्या गावी जेवायचे कुठे, हे कोणी शिकवत नाही. मराठवाड्यातून भिवंडीला गेलेला व्यापारी चार-सहा दिवस, कधी पंधरवडा तिथे अडकतो. ग्रे कापड तयार नसते, गाडी भरत नाही, जुना हिशेब राहिलेला असतो. अशात पोट बिघडले की सौदाही बिघडतो. जुलाब लागलेला माणूस ताके मोजत बसत नाही. दलाल सांगेल त्या भावाला हो म्हणून परतीची गाडी पकडतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर.

आम्ही सास्तूरचे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. उमरग्याला गेले की हैदराबादचा हमरस्ता आजही लागतो. त्यामुळे आमच्या जिभेला वळण तिकडचे. चिंचेची खट्टी दाल, बगारा खाना, तहारी, आणि शादीब्याहाला दालचा. भिवंडीचे तसे नाही. ते कोकणी मुसलमानांचे जुने गाव. तिथे माग चालवणारे कारीगर बरेचसे उत्तर प्रदेश आणि बिहारचे, आणि पद्मानगरकडे तेलंगणातून आलेले विणकर. तेव्हा भिवंडीत राहून हैदराबादी जेवण शोधणे म्हणजे परमुलखात तिसऱ्याच मुलखाची चव शोधणे होय.

पाट्या पाहाल तर चव जागोजाग आहे. 'हैदराबादी बिर्याणी' लिहिलेले पातेले प्रत्येक नाक्यावर दिसते. त्यातले बहुतेक पिवळा रंग टाकलेला भात आणि वरून ओतलेला रस्सा असतो. कापडवाल्यांना हे लगेच समजावे. खळ भरपूर दिलेले कापड हाताला भरदार लागते आणि पहिल्या धुण्यात मच्छरदाणी होते. हैदराबादची कच्ची बिर्याणी म्हणजे मसाल्यात मुरवलेल्या कच्च्या गोश्तावर अर्धा शिजवलेला भात घालून, तोंड बंद करून दम दिलेली. तिच्यात सगळा भात एका रंगाचा निघत नाही आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. सोबत मिरचीचे सालन असते.

पण आमची परीक्षा बिर्याणीची नाही. प्रसिद्ध पदार्थ कोणीही पाटीवर लिहितो. त्या मुलखातले लोक घरी रोज काय खातात, ते मागावे. 'खट्टी दाल आहे का?' असे विचारले आणि मालकाने वेटरकडे पाहिले, तर चहा पिऊन उठावे.

नावाला दाखला द्यावा, असा एक मार्ग आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, तरी अन्यत्र विणलेल्या चादरी त्या नावाने खपतातच. थायलंडच्या सरकारने तर परदेशातल्या थाई हॉटेलांसाठी 'थाई सिलेक्ट' नावाचे चिन्ह काढले आहे. जपानसारख्या देशात राहणाऱ्याला अस्सल थाई जेवण ओळखता यावे, हा त्याचा उपयोग. जपानशी आपल्या कापडवाल्यांचे नाते जुने आहे. योकोहामात हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. १९२३ च्या भूकंपानंतर त्यातले पुष्कळ कोबेला गेले, आणि तिथली १९३५ ची मशीद उभारण्यात हिंदी मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. आज तिथे जाणाऱ्या आपल्या माणसाने मात्र ते चिन्ह पाहून थांबू नये. चिन्ह चवीचे आहे, हलालचे नाही. जपानी स्वयंपाकघरात मिरीन आणि साके सर्रास वापरतात. त्यांत दारूचा अंश असतो. हलालची चौकशी वेगळी करावीच लागते.

भिवंडीत असे चिन्ह नाही, पण त्याहून पक्की खूण आहे. तिथल्या कारीगरांच्या खानावळीला 'बिसी' म्हणतात. (आपल्याकडची पैशांची भिशी वेगळी.) बारा बारा तासांच्या दोन पाळ्या असतात, तेव्हा पाळी सुटण्याच्या वेळेला बिसीत पंगत बसते. जेवणारे एकाच मुलखाचे, हिशेब ठरलेला, दोन वेळचे जेवण. बस्ती-गोरखपूरकडच्या बिसीत डाळभात त्यांच्या गावचाच असतो, कारण जेवणारा उद्याही येणार आणि चव चुकली तर तोंडावर बोलणार. वाटसरूच्या जिवावर चालणाऱ्या हॉटेलला ही भीती नसते. म्हणून जेवण शोधायचे असेल तर आधी माणसे शोधावीत. हैदराबादकडचे ट्रकवाले, बिदर-गुलबर्ग्याचे हमाल कुठे बसतात, हे ट्रान्सपोर्टच्या मुनीमाला विचारावे. ज्वारीची सवय असेल तर तेलंगणातल्या माणसाला 'जोन्न रोट्टे' म्हणावे. ती आपलीच भाकरी. तिथे गोश्त हलाल आहे की नाही याची खात्री नसेल, तर भाजी-भाकरीवर भागवावे.

याच रीतीने आम्हाला एका गल्लीत बिदरकडच्या एका चाचांचे हॉटेल सापडले. चार बाके, पाटी नाही. तिथे पहिल्यांदा दालचा खाल्ला तेव्हा आमचा घास थांबला. चण्याची डाळ, दुधी, गोश्त आणि चिंच, सगळे बेतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूर आणि किल्लारी जमीनदोस्त केली. आमच्या मोहल्ल्यात दालच्याची देग उतरवणाऱ्या ज्या बुजुर्ग बाया होत्या, त्यातल्या कोणी त्या पहाटे गेल्या, कोणी नंतर. नवी घरे मिळाली, पण त्या देगीची चव कुणी लिहून ठेवली नव्हती. ती आम्हाला भिवंडीत, अनोळखी माणसाच्या हातची मिळाली.

हे हॉटेल आता डगमगते आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे गेली, त्याआधी कित्येक जण पायीच निघाले होते. बिस्यांच्या चुली विझल्या. पुढे कारीगर परतले, पण सगळे नाही. यंत्रमाग भंगारात जात आहेत आणि मुंबई-नाशिक रस्त्याच्या अंगाने गोदामे वाढत आहेत. गोदामातला पोरगा दहा मुलखांतला असतो, तो चायनीज आणि रंगीत बिर्याणी मागतो. चाचांच्या मुलाने तशी पाटी रंगवायलाही टाकली होती. हिशेबाने पाहिले तर मुलगा चुकत नाही. दालच्याला गोश्त लागतो, वेळ लागतो, आणि उरला तर दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही.

आम्ही त्यांना व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. रोज नका करू, एक दिवस ठरवा आणि आगाऊ मागणी घ्या. आम्ही कापड असेच विणवून घेतो, गिऱ्हाईक नक्की असल्याशिवाय बीम भरत नाही. चाचांनी ऐकले. आता मुलगा आठवडाभर बिर्याणी विकतो आणि जुम्म्याला चाचा स्वतः देग चढवतात. मराठवाड्याच्या खरेदीदारांपैकी आम्ही सात-आठ जण आदल्या संध्याकाळी फोन करून माणसे कळवतो. नमाज झाली की लगेच पोचावे. ट्रकवाले आमच्याआधी येऊन बसलेले असतात आणि तीनच्या सुमारास देग खरवडलेली असते.