वाकलेली पाठ सरळ होऊ शकते



ऊस पाहणीसाठी आम्ही शिवारात फिरतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरते. ऊस सरळ उभा, पण मालकाच्या पाठीला पोक! चाळिशी उलटली नाही तोच मान पुढे, खांदे आत. विचारले तर उत्तर ठरलेले, "काय करता जी, कामानं पाठ वाकलीच." वाकली हे खरे, पण ती तशीच राहिली पाहिजे असे नाही.

बेणे लावणे, निंदण, तोडणी ही कामे वाकूनच होतात. त्याने छातीचे स्नायू आखडतात व पाठीचे ताणून ढिले पडतात. मग उभे राहिलो तरी अंग तोच बाक धरते. लोळलेला ऊस नुसता उभा करून टिकत नाही, बुडाशी मातीची भर लागते. पाठीलाही स्नायूंची भर हवी.

व्यायाम पैलवानांचा, हा समज चुकीचा आहे. आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखविले. आपल्याला तर घरच्या घरी रोज दहा मिनिटे पुरेत :

१) टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवून पाठ, खांदे, डोके भिंतीला टेकवा. हनुवटी आत. तीस अंक मोजा.

२) दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापर्यंत टेकवून एक पाय पुढे टाका. छाती ताणू द्या. वीस अंक, तीन वेळा.

३) पालथे झोपून, हात अंगालगत ठेवून डोके व छाती चार बोटे उचला. पाच अंक थांबा. दहा वेळा.

४) बसून खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ ओढा. दहा वेळा.

श्वास रोखू नये. दुखेपर्यंत ताणू नये. फरक आठ दिवसांत दिसत नाही. दोन-तीन महिने नेम धरावा. वावरात अर्ध्या तासाने उभे राहून, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकावे. मोळी उचलताना गुडघे वाकवावे, मोळी अंगाजवळ घ्यावी.

मात्र पायाला मुंग्या, बधिरपणा, रात्रीची कळ, ताप असेल किंवा पडल्यावर, उतारवयात अचानक पोक आला असेल, तर दोष हाडाचा असू शकतो. तेव्हा व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

उसाच्या बांधणीची वेळ आपण चुकवीत नाही. पाठीचीही चुकवू नये, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी