स्वयंसूचना, सुप्त संदेश आणि भावना

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण आमच्या पाली वर्गास येत असे. रोज पहाटे आरशासमोर उभे राहून ‘मी यशस्वी आहे’ असे शंभर वेळा म्हणावे आणि रात्री झोपताना मोबाइलवरील सुप्त संदेशांचे संगीत ऐकावे, असा सल्ला त्यास कोणी दिला होता. सल्ला त्याने निष्ठेने पाळला. परीक्षेत अपयश आले, तेव्हा आपला विश्वासच कमी पडला असे तो मानू लागला. अपयशापेक्षा या अपराधीपणाने तो अधिक खचला होता. ‘सर, मेत्ता भावनेतही आपण वाक्येच घोळवतो ना? मग फरक काय?’ त्याच्या या प्रश्नाचे उत्तर वर्गातील दहा मिनिटांत देता आले नाही, म्हणून हे टिपण.

स्वयंसूचनेची पद्धत लोकप्रिय केली ती फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी. आपण प्रतिदिनी सर्व बाबतींत सुधारत आहोत, या आशयाचे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटावे. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी हाती धरावी, अशी त्यांची रीत होती. जपमाळ येथेही सुटली नाही! कुए यांच्या मते इच्छाशक्तीहून कल्पनाशक्ती प्रबळ असते, म्हणून वाक्य प्रयत्न न करता, यंत्रवत म्हणावे.

सुप्त संदेशांची कथा याहून विचित्र आहे. जेम्स विकरी या जाहिरात-व्यावसायिकाने १९५७ मध्ये असा दावा केला की, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील एका चित्रपटगृहात पडद्यावर क्षणार्धाहूनही कमी काळ संदेश झळकवून त्याने कोका-कोला व पॉपकॉर्न यांची विक्री वाढविली. १९६२ मध्ये आपल्यापाशी पुरेशी माहितीच नव्हती, हे त्याने कबूल केले. तोवर कल्पना जगभर गेली होती. पुढे स्मरणशक्ती व आत्मसन्मान वाढविण्याचा दावा करणाऱ्या कॅसेटी निघाल्या. मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निम्म्या कॅसेटींवरील चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. महिनाभर ऐकूनही श्रोत्यांची स्मरणशक्ती वा आत्मसन्मान कॅसेटीतील संदेशानुसार वाढला नाही. तथापि अनेकांना आपल्यात सुधारणा झाल्याचे वाटले, आणि ती चिठ्ठीवर जे लिहिले होते त्याबाबत! नकळत दाखविलेल्या शब्दाचा प्रयोगशाळेत अल्पसा, अल्पजीवी परिणाम दिसतो, हे खरे. पण त्यावरून स्वभाव बदलतो असे सिद्ध होत नाही.

उघड उच्चारलेल्या वाक्यांचे काय? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोअॅन वूड यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार मिनिटे, दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजताच, ‘मी प्रेमास पात्र आहे’ अशा अर्थाचे वाक्य मनाशी म्हणावयाचे होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. नंतरच्या एका पुनर्प्रयोगात असा परिणाम आढळला नाही, म्हणून निष्कर्ष अंतिम मानू नये. तरीही त्यामागील तर्क आपल्या परिचयाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यास हीन लेखले गेले, त्याच्या तोंडी ‘मी श्रेष्ठ आहे’ हे वाक्य घातले की मन लगेच उलट साक्ष देऊ लागते. शिवाय अपयशाचे खापर शिकवणीचे शुल्क, अभ्यासास नसलेली जागा, मोजक्या पदांसाठी आलेले लाखो अर्ज यांतील कशावरही न फुटता त्याच्याच मनावर फुटते. कारणपरंपरा पाहण्याची सवय असलेल्या बौद्धास हे पटू नये.

संयुत्त निकायातील खंध संयुत्तात वासिजट सुत्त आहे. भावनेत, म्हणजे चित्ताच्या मशागतीत, न गुंतलेल्या भिक्खूने ‘माझे चित्त आसवांपासून मुक्त होवो’ अशी कितीही इच्छा केली तरी ते मुक्त होत नाही, असे भगवंत सांगतात. कोंबडीने अंडी नीट उबविली नाहीत, तर पिले सुखरूप बाहेर यावीत या तिच्या इच्छेने ती येणार नाहीत. उबविली असतील, तर इच्छा न करताही कवच फुटेल. मशागत कशाची, तर चार सतिपट्ठानांपासून अष्टांगिक मार्गापर्यंत सदतीस गोष्टींची. पालीत ‘भावना’ म्हणजे घडविणे, वाढविणे. मराठीत हा शब्द केवळ मनातील भाव उरला आणि तेथेच घोटाळा झाला, असे मला वाटते.

आता मेत्तेविषयी. मेत्तेचा आरंभ स्वतःपासून होतो आणि तेथील ‘होमि’ हे क्रियापद रूपाने वर्तमानकाळी आहे, ‘मी आहे’ असेच. मात्र परंपरेने त्याचा अर्थ ‘मी सुखी होवो’ असा इच्छार्थी घेतला. आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात स्पष्ट करतात की, शंभर वर्षे स्वतःपुरतीच ही भावना केली तरी तिने अर्पणा समाधी लाभणार नाही. स्वतःस येथे साक्षी म्हणून घ्यावयाचे असते: मला सुख हवे, दुःख नको, तसेच इतरांनाही. स्वतःविषयीचे वाक्य दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची ती पायरी आहे.

पंचशीलातील ‘समादियामि’ हा शब्दही पाहावा. ‘मी शीलवान आहे’ असे आपण म्हणत नाही. ‘शिक्षापद ग्रहण करतो’ म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील बहुसंख्य वाक्येही ‘करीन’, ‘करणार नाही’ अशीच आहेत. असे वाक्य उच्चारताना खोटे ठरत नाही, कारण ते वर्णन करीत नाही, बांधून घेते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातही केव्हा, कोठे व काय करणार हे निश्चित करणारा संकल्प नुसत्या ध्येयापेक्षा अधिक वेळा कृतीत उतरतो, असे आढळले आहे.

त्या तरुणाने आरशासमोरचे वाक्य बदलले आहे. ‘रात्रीचे जेवण झाले की ग्रंथालयात बसून दहा पाने वाचीन आणि जे कळले नाही ते वहीत लिहीन’, असे ते आहे. प्रगती किती झाली, हे तो अजूनही रोज विचारतो. त्यास मी वासिजट सुत्ताचा उत्तरार्ध वाचावयास दिला. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. आज दांडा किती झिजला, काल किती, हे सुतारास सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला हे त्यास कळते.