साथीतील म्हातारपण

साथ गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे आपण ऐकत आलो. साथ पाहत नसेल, शहर पाहते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीत शंभरांपैकी ५७ जणांना, तर इतर वस्तीत १६ जणांना कोरोना होऊन गेल्याचे आढळले.

वृद्धांनी घरात वेगळे राहावे, हा सल्ला शास्त्राला धरून होता. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि संडास साऱ्या चाळीला सामाईक, तेथे म्हाताऱ्याने वेगळे व्हावे कोठे? भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ साली ठरली महिना १,००० रुपये. एवढ्यात औषध आणावे की धान्य? १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली; पण घरबसल्या नोंदणी मोबाईलवर. तो ज्याला चालवता येईना, त्याच्या वाट्याला केंद्राबाहेरची रांग.

श्रोतेहो, पुढच्या साथीआधी वॉर्डावॉर्डात एकट्या वृद्धांची यादी, घरपोच औषध आणि पोटापुरती पेन्शन एवढे तरी व्हावे. ही दया नव्हे. ज्यांनी हे शहर राबून उभे केले, त्यांची ही थकबाकी आहे.