मोटार पाहावी जोडून!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी मोटारी असत्या, तर या म्हणीला आणखी एक शेपूट नक्कीच जोडले गेले असते. कारण विलायतेत, जिथे पोटापाण्यासाठी मी गेली एकवीस वर्षे राहतो आहे, मोटार घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साध्यासुध्या माणसांचा: दुकानात जावे, पैसे मोजावे, किल्ली खिशात घालावी आणि घरी यावे. दुसरा हौशी माणसांचा: पैसे मोजावे आणि किल्लीऐवजी खोकी घरी आणावीत! त्या खोक्यांत मोटार असते, पण सुट्या भागांच्या रूपात. आपण पाने आणि पकडी घेऊन ती आपल्याच गॅरेजमध्ये जोडायची, सरकारी परीक्षेत उत्तीर्ण करून घ्यायची आणि मग रस्त्यावर आणायची. अशा गाडीला इकडे 'किट कार' म्हणतात.

वाचकहो, गेले वर्षभर आमच्या घरात हाच एक विषय आहे. कित्येक वर्षे थोडेथोडे बाजूला टाकून मी दोन माणसांच्या एका उघड्या मोटारीपुरते पैसे जमवले. आता ती तयार घ्यावी की खोक्यांतून घ्यावी? आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र याहून मूलभूत आहे. "अहो, त्या गाडीत भाजीची पिशवी तरी मावणार आहे का?" असे त्यांनी विचारले. मावणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. तेव्हापासून त्या या चर्चेत केवळ प्रेक्षक म्हणून हजर असतात. मात्र हे प्रेक्षक अधूनमधून बोलतात!

खोक्यातली मोटार आली कुठून?

खोक्यातल्या मोटारीशी आपला, म्हणजे मुंबईकरांचा, संबंध जुनाच आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. तिथे परदेशातून सुटे भाग यायचे आणि त्यांची मोटार व्हायची. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनेही १९४७ मध्ये कुर्ल्याला सुरुवात केली ती अमेरिकन गाड्यांच्या जुळणीनेच. फियाट आणि पद्मिनी हा पुढचा इतिहास. पण हे सारे कारखान्यांचे काम झाले. हे उद्योग घरच्या घरी करण्याची हौस इंग्रजांची, आणि या हौसेच्या मुळाशी आहे कर!

इंग्लंडमध्ये १९४० पासून 'खरेदी कर' होता. तयार मोटारीवर तो भरावा लागे. सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडली, तर तो चुकवता येई. हे साधे गणित ज्याने बरोबर ओळखले, त्यांत लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा अग्रणी. त्याने १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' नावाची, नको ते सारे काढून टाकलेली, अतिशय हलकी गाडी बाजारात आणली आणि ती सुट्या भागांतही विकली. गाडी कशी जोडावी याचे पुस्तक सोबत दिले, तर करसवलत जाण्याची भीती होती. म्हणे चॅपमनने यावर तोड काढली. गाडी कशी *सुटी करावी*, याची माहिती त्याने दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटून सुरुवातीपर्यंत वाचायची! ही कथा इकडे जुने मोटारप्रेमी आपल्याकडे बिरबलाची गोष्ट सांगावी तितक्या चवीने सांगतात.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर गेला आणि त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला. हा कर सुट्या भागांवरही बसतो. साहजिकच खोक्यातल्या मोटारीचा मुख्य फायदा त्या दिवशी संपला. त्याच वर्षी लोटसने 'सेव्हन' गाडीचे हक्क कॅटरहॅम या कंपनीला देऊन टाकले. कर गेला, सवलत गेली, मूळ कंपनीनेही हात काढून घेतला. आता ही गाडी कोण घेणार, असे कोणालाही वाटले असते. पण पन्नास वर्षे उलटून गेली तरी कॅटरहॅम ती बनवतेच आहे आणि लोक ती खोक्यांतून घरी नेतातच आहेत. याचा अर्थ एकच: लोक केवळ पैसे वाचवण्यासाठी मोटार जोडत नव्हते.

हिशेबाची वही

तरीही मी पडलो मराठी माणूस. वही उघडल्याशिवाय कसे चालेल?

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांब. रॉन चॅम्पियन नावाच्या एका शिक्षकाने १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले. अवघ्या अडीचशे पौंडांत आपली स्पोर्ट्स कार आपणच बनवा, असे त्याच्या नावातच आश्वासन होते. त्यात लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून सांगाडा घरीच बनवायचा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे एंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस काढून त्यात बसवायचे. पुस्तक तुफान खपले. पण जुनी एस्कॉर्ट आता भंगारात मिळत नाही, ती संग्राहकांच्या काचेआड गेली. शिवाय मला वेल्डिंग येत नाही. या वाटेला दोन-तीन वर्षे सहज लागतात, आणि अशा कित्येक गाड्या अर्धवट सांगाड्याच्या अवस्थेत गॅरेजमध्ये ताडपत्री पांघरून पडून असतात.

दुसरी वाट म्हणजे कॅटरहॅमसारख्या कंपनीचा संपूर्ण संच. इथे सांगाडा तयार येतो, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेले असतात. आपण एंजिन, गिअरबॉक्स, चाकांची जोडणी, स्टिअरिंग, दिवे, आसने बसवायची. २०२१ मध्ये या कंपनीने जे सर्वांत लहान मॉडेल काढले, त्याचे वजन अवघे ४४० किलो. आपली साधी वॅगन-आर आठशे किलोंच्या पुढे जाते, म्हणजे ही तिच्या जेमतेम निम्मी! गंमत म्हणजे तिच्यात एंजिन आहे ते सुझुकीचे, तीन सिलिंडरांचे, ६६० सी.सी.चे. किंमत मात्र संचाचीसुद्धा वीस हजार पौंडांच्या पुढे. तिसरी वाट म्हणजे हीच गाडी कंपनीकडून जोडून घ्यायची. त्यासाठी काही हजार पौंड जास्त मोजायचे.

आता मांडा हिशेब. जुळणीला हौशी माणसाला साधारण शंभर तास लागतात, असे जाणकार सांगतात. समजा, स्वतः जोडल्याने तीन हजार पौंड वाचले. शंभराने भागले तर तासाला तीस पौंड पडले. मजुरी वाईट नाही! पण यातून हत्यारांचा खर्च वजा करा. एंजिन उचलायला भाड्याने क्रेन आणावी लागेल, तिचे भाडे वजा करा. सरकारी परीक्षेची फी आणि शेवटी जाणत्या कारागिराकडून करून घेतलेली तपासणी वजा करा. उरते काय? माझ्या वहीत जे उरले ते एवढे थोडे होते की, त्यासाठी वीस शनिवार, दर शनिवारी पाच तास, थंड फरशीवर उताणे पडायला कोणी शहाणा माणूस तयार होणार नाही.

म्हणून मी पहिले सूत्र लिहून ठेवले: पैसे वाचवायचे असतील तर किट घेऊ नये. पैसे वाचवायचे असतील तर दुसऱ्या कोणी जोडलेली, चार-सहा वर्षे वापरलेली गाडी घ्यावी. मात्र ती कोणी जोडली, त्याने जुळणीचे फोटो आणि पावत्या ठेवल्या आहेत का, हे आधी विचारावे. ज्याने कागद नीट ठेवले, त्याने बोल्टही नीट आवळले असण्याचा संभव अधिक.

परीक्षा मोठी कडक

घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. आधी तिला सरकारी निरीक्षकापुढे उभे करावे लागते. ही प्रत्येक गाडीची स्वतंत्र परीक्षा असते. तिचे सध्याचे रूप २००९ मध्ये आले. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे, आसनपट्ट्यांचे बोल्ट, वेगमापकाचा अचूकपणा, सारे तपासतात. बाहेरून माणसाला लागू शकेल अशी कडाही तीक्ष्ण असता कामा नये. तिची गोलाई निदान अडीच मिलिमीटर हवी! त्यामुळे गाड्यांच्या नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि कडांवर रबरी पट्ट्या चढवलेल्या दिसतात. आपल्याकडे मुलगी दाखवताना केस चापूनचोपून बसवत, तसा हा प्रकार. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी पहिल्या खेपेला नापास झाली ती दोन उघड्या नटांपायी.

सारे भाग नवे असतील तर गाडीला चालू वर्षाचा क्रमांक मिळतो. जुन्या-नव्याची खिचडी असेल आणि गाडीचे वय ठरवता येत नसेल, तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक माथी येतो. विकताना गिऱ्हाईक ते अक्षर पाहून नाक मुरडते.

"हे पुण्यात करता येईल का?" असे मला माझा एक आतेभाऊ विचारत होता. त्याला मी सांगितले, बाबा रे, ते सोपे नाही. आपल्याकडे नव्या नमुन्याची गाडी रीतसर तपासून मान्य करून घ्यावी लागते. वेताळ टेकडीवरची ए.आर.ए.आय. ही संस्था तेच काम करते. पण ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, कोथरूडच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन बसलेल्या आतेभावासाठी नव्हे. तयार गाडीतसुद्धा मनमानी फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावले.

अण्णांचा सवाल

एवढा हिशेब झाल्यावर निर्णय तयार गाडीचा व्हायला हवा होता. तसा तो होतही आला होता, आणि त्याचे खरे कारण वेगळेच होते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, येत्या मे महिन्यात आमच्याकडे यायचे आहेत. वय एकोणऐंशी. व्हिसा सहा महिन्यांचा. गेल्या वर्षी डोळ्याचे ऑपरेशन झाले, गुडघे कुरकुरतात. पुन्हा एवढा प्रवास डॉक्टर करू देतील की नाही, याची खात्री नाही. तयार गाडी घेतली, तर ते विमानतळावर उतरतील तेव्हा ती दारात उभी असेल. संच घेतला, तर वीस शनिवार म्हणजे मेपासून पार सप्टेंबर. त्यापुढे परीक्षेची तारीख. नापास झालो तर आणखी एक तारीख. अण्णा गाडीत न बसताच परत जायचे! सौ. म्हणाल्या, "तुमची हौस पुढच्या वर्षीही होईल. अण्णांना एक फेरी मारून आणा, म्हणजे झालं." बोलणे अगदी बिनतोड होते.

अण्णा १९६८ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये फिटर म्हणून लागले आणि सुमारे तीस वर्षे तिथेच होते. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी गेली की आम्ही भावंडे ओरडत असू, "अण्णांची गाडी!" त्यांची स्वतःची गाडी मात्र कधीच नव्हती. सायनच्या चाळीतून ते बसने कामावर जात.

एका रविवारी फोनवर मी त्यांना सारे सांगितले. हिशेब, परीक्षा आणि तारखासुद्धा. मला वाटले, ते म्हणतील, तयार घे. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले:

"अरे, मी ब्रेकच्या लाइनवर होतो. किती हजार गाड्यांना ब्रेक लावले, मोजदाद नाही. गाडी समोर यायची, माझं काम झालं की पुढं जायची. मागून दुसरी यायची. पण एक अख्खी गाडी, पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत, मी कधी जोडली नाही. कोणीच जोडली नाही तिथे."

मी म्हणालो, "अण्णा, पण वेळेत झाली नाही तर तुम्हाला बसायला मिळणार नाही."

"बसायचं काय रे! आयुष्यभर टॅक्सीत बसलोय की. आणि तू शनिवार कसले मोजतोस? मी रोज मोकळाच आहे."

सौ. शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी गॅरेजमधली जुनी सतरंजी काढून त्यांनी झटकली आणि अण्णांना बसायला उंच स्टूल पाहिजे, गुडघ्यांना खाली बसणे जमणार नाही, असे जाहीर केले.

तेव्हा वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडला, तर माझा सल्ला असा. ज्याला चालवायची हौस आहे, त्याने तयार गाडी घ्यावी. त्यात काहीही कमीपणा नाही. ज्याला पैसे वाचवायचे आहेत, त्याने वापरलेली घ्यावी. आणि ज्याला ते शंभर तासच हवे आहेत, त्याने खोकी घ्यावीत; पण ते तास कोणाबरोबर घालवायचे, हे आधी ठरवावे. तेवढे ठरले की हिशेबाची वही खुशाल मिटावी. आमची मिटली आहे. सांगाडा मेच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा आहे. ब्रेक अर्थातच अण्णा लावतील आणि जाणता कारागीर ते नंतर तपासेल, हे त्यांनीही मान्य केले आहे.

परवा रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे पहाटे, त्यांचा फोन आला. माझ्या काळजात धस्स झाले. पण ते एवढेच विचारत होते, "अरे, त्या गाडीला पाने इंचाचे लागतात की मिलिमीटरचे?"

"दोन्ही लागतात, अण्णा."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "मग माझा जुना संच घेऊनच येतो."