हज, जियारत आणि उरूस : तीन शब्दांचा आध्यात्मिक आशय

मराठीत पंढरपूरला जाणे, दर्ग्याच्या उरुसास जाणे आणि मक्केस जाणे ह्या तिहींस ‘यात्रा’ हा एकच शब्द चालतो. इस्लामी परंपरेत मात्र पवित्र स्थळी जाण्यास निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद केवळ शाब्दिक नव्हे.

‘उर्स’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ विवाह. सत्पुरुषाचे देहावसान म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, ही सूफी कल्पना त्यात आहे. मराठी ‘उरूस’ शब्दात जत्रेचा अर्थ उरला. ‘जियारत’ म्हणजे भेट. अचलपूर येथील दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्यावर भाविक जातो ती जियारत होय. तीत आदर आहे, मृत्यूचे स्मरण आहे. परंतु ती हजच्या ठिकाणी उभी राहू शकत नाही. हज हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक असून ऐपत असणाऱ्यास तो आयुष्यातून एकदा अनिवार्य आहे.

‘हज’ म्हणजे संकल्पपूर्वक निघणे. जिल्हिज महिन्याच्या 9 तारखेस अरफातच्या मैदानावर उपस्थित राहणे हे त्याचे मर्म. ते चुकल्यास हज घडत नाही. तेथे पुरुषांच्या अंगावर दोन न शिवलेली वस्त्रे असतात. धनिक व निर्धन ओळखू येत नाहीत. माणूस केवळ प्रार्थना करीत क्षमा मागतो.

परंतु ह्या क्षमेस मर्यादा आहे. ईश्वराचे देणे आणि माणसांचे देणे असा भेद धर्मशास्त्र करते. दुसऱ्याचे देणे ते फेडल्यावाचून अथवा त्याने सोडल्यावाचून फिटत नाही. म्हणूनच अकोला-अमरावतीकडील यात्रेकरूनेही निघण्यापूर्वी कर्ज फेडावयाचे, कुटुंबाची तरतूद करावयाची आणि ज्यांच्याशी बिनसले त्यांच्या दारी जाऊन माफी मागावयाची असते.

येथे एक शब्द विचारणीय आहे. ‘हज’ ज्या अरबी धातूपासून आला त्यापासूनच ‘हुज्जत’ हा शब्दही आला. मूळ अर्थ प्रमाण, युक्तिवाद. मराठीत तो वितंडवाद झाला. हजच्या काळात भांडणतंटा वर्ज्य असल्याचे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. वऱ्हाडी शेतकरी शेताच्या बांधास ‘धुरा’ म्हणतो. त्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी चाललेली हुज्जत मिटविणे ही हजची बाह्य तयारी नव्हे. संकल्पाची कसोटी तेथेच लागते.