सुट्या काडतूसपेटीची परीक्षा : औंढा नागनाथ येथील एक नमुना

१. औंढा नागनाथ येथें जुन्या कागदांच्या शोधार्थ गेलों असतां एका घरीं आम्हांस मोडी कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. कागद बहुतेक सावकारी जमाखर्चाचे होते. परंतु रुमालाच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेली एक चपटी पोलादी पेटी निघाली. पिस्तुलाच्या मुठींत खालून सरकविण्याची जी काडतूसपेटी, जिला मॅगझीन म्हणतात, ती ही. पिस्तूल घरांत नव्हतें, व कधीं होतें असें कोणास आठवतही नव्हतें. पेटीविषयीं मात्र दोन कथा चालत आल्या होत्या. हिंगोलीची छावणी उठली तेव्हां ती घराण्यांत आली, ही एक. आणि नाशिकच्या जॅक्सन-वधाच्या प्रकरणांतील ब्राउनिंग पिस्तुलांपैकीं एकाची ती होय, ही दुसरी. दुसऱ्या कथेवर विसंबून एक संग्राहक मोठी रक्कम देण्यास सिद्ध झाला होता. यजमानांनीं आमचें मत विचारलें. असा प्रसंग इतर संग्राहकांवरही येतो, म्हणून परीक्षेची रीत येथें देत आहों.

२. प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. मॅगझीन हा शब्द मूळ अरबी ‘मखजन’ म्हणजे कोठार यापासून निघालेला आहे, आणि जुन्या लष्करी कागदांत त्याचा अर्थ दारूखाना असा असतो. मुठींत बसणाऱ्या पेटीचीं पिस्तुलें इ. स. १९०० च्या सुमारास प्रचारांत आलीं; तत्पूर्वींच्या कागदांत हा शब्द दिसला तर त्याचा संबंध अशा पेटीशीं जोडतां येत नाहीं. वरील रुमालांतील एका चिठ्ठींत हिंगोली व मॅगझीन हे दोन शब्द जवळ जवळ आले आहेत. तेथें छावणीचा दारूखाना अभिप्रेत आहे हें संदर्भावरून उघड दिसतें. पहिल्या कथेचें मूळ आमच्या मतें या चिठ्ठींतच आहे.

३. आतां काळाच्या मर्यादा पाहूं. हिंगोली हें निजामाच्या कंटिंजंट फौजेचें ठाणें होतें. इ. स. १८५३ च्या तहानंतर ही फौज हैदराबाद कंटिंजंट या नांवानें चालली, व इ. स. १९०३ मध्यें ती हिंदी सैन्यांत विलीन होऊन हिंगोलीची छावणी संपली. त्या फौजेच्या काळांत बहुतांशीं चकमकीचीं, पुढें टोपीचीं पिस्तुलें व त्यानंतर रिव्हॉल्वरें होतीं. रिव्हॉल्वरांत गोळ्या फिरत्या चक्रांत असतात. त्यास सुटी पेटी नसते.

नाशिकच्या प्रकरणाची मर्यादाही निश्चित आहे. इ. स. १९०९ च्या आरंभीं वि. दा. सावरकर यांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत धाडलीं. औरंगाबादेस शिकत असलेले अनंत कान्हेरे यांनीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. अर्थात् त्या वीसांपैकीं कोणतीही पेटी इ. स. १९०९ पूर्वींच्या बनावटीची असली पाहिजे.

४. परीक्षेचीं मुख्य गमकें अशीं :

(अ) बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्याचें इ. स. १९०० चें ब्राउनिंग ७.६५ मिलिमीटर व्यासाचें असून त्याच्या पेटींत सात काडतुसें राहतात. इ. स. १९०६ चें लहान पिस्तूल ६.३५ मिलिमीटरचें, त्याच्या पेटींत सहा. इ. स. १९१० च्या नमुन्याचीं पिस्तुलें पुढें फार पसरलीं. परंतु त्यांची पेटी नाशिक-प्रकरणाची म्हणून कोणीं दाखविल्यास तारीखच तिच्याविरुद्ध साक्ष देते.

(आ) इ. स. १८९६ च्या नेहमीच्या माउझर पिस्तुलाची पेटी घोड्याच्या पुढें अंगचीच असते, व ती दहा काडतुसांच्या पट्टीनें वरून भरतात. अशा माउझरची ‘सुटी पेटी’ म्हणून कांहीं विकावयास आलें तर सावध व्हावें.

(इ) जर्मन सैन्याच्या लुगर पिस्तुलाच्या पेटीच्या बुडावर पिस्तुलाचा अनुक्रमांक असतो, आणि जोडीच्या दुसऱ्या पेटीवर त्यापुढें अधिक-चिन्ह असतें. येथें अंक जुळणें हेंच मोठें मोल.

(ई) अमेरिकेंतील कोल्ट कारखान्याच्या इ. स. १९११ च्या पिस्तुलाचा व्यास .४५ इंच असून पेटींत सात काडतुसें राहतात. आरंभींच्या सैनिकी पेट्यांच्या बुडास दोरी बांधण्याची कडी असे. ती सुमारें इ. स. १९१६ पर्यंत आढळते. वरचा भाग ताव देऊन कठीण केल्यामुळें त्याचा रंग फिका व खालचा निळसर काळा, असे दोन रंग दिसतात.

५. औंढ्याची पेटी आम्हीं मापून पाहिली. ७.६५ च्या काडतुसाची जाडी सुमारें साडेआठ मिलिमीटर असते व .४५ च्या काडतुसाची सुमारें बारा. या पेटीची आंतील रुंदी बारांहून किंचित् अधिक भरली. बुडास कडी आहे, दोन रंगही स्पष्ट आहेत. तेव्हां ही कोल्टची आरंभींची सैनिकी पेटी होय, आणि दोन्ही कथा टिकत नाहींत. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनेंही .४५५ च्या काडतुसांसाठीं कोल्ट पिस्तुलें घेतलीं होतीं. एखाद्या परत आलेल्या शिपायाकडून ही पेटी आली असणें शक्य आहे. पण कागदाच्या आधारावांचून हें अनुमानच राहणार.

बूड व अंग एकाच काळचे आहेत कीं नाहींत हेंही पाहावें. औंढ्याच्या देवळाचें कोरींव दगडी जोतें यादवकालीन व वरचा चुनेगच्ची भाग उत्तरकालीन, हें जाणत्यास दुरूनही दिसतें. पेटींतही जुन्या अंगास नवें बूड किंवा नवी कडी जोडलेली असते. सांध्याजवळ कानशीचे ओरखडे किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसल्यास तें उघडकीस येतें.

६. मोल ठरवितांना अस्सलपणा, मूळ रंग, वरच्या ओठांची सरळता, कमानीचा जोर व गंजाचे खड्डे हीं क्रमानें पाहावीं. वाळूच्या कागदानें घासलेली पेटी निम्म्या मोलाचीही राहत नाहीं. हलक्या तेलाचें बोट पुरे. पेटींत काडतूस असल्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्यें, पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतु नसलेल्या किरकोळ सुट्या भागांस सूट आहे. परंतु आपली वस्तु तींत बसते कीं नाहीं हें स्वतः न ठरवितां, खरेदी-विक्रीपूर्वीं जिल्हा दंडाधिकाऱ्यांस लेखी विचारावें. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूंस इ. स. १९७२ चा पुरावस्तु-कायदाही लागू होतो, व त्या खासगी रीतीनें देशाबाहेर पाठवितां येत नाहींत.

७. आमचें मत ऐकून संग्राहकानें आपली मागणी परत घेतली. यजमान खिन्न झाले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु खोट्या नांवानें ती पेटी विकली गेली असती, तर नाशिकच्या इतिहासांत एक बनावट पुरावा शिरला असता, आणि रुमाल फुटून ती चिठ्ठी कोठें गेली असती हें कळलेंही नसतें. हिंगोलीच्या दारूखान्याचा उल्लेख करणारी ती चिठ्ठी आम्हांस पेटीहून अधिक मोलाची वाटते. दोन्ही कथा ‘घराण्यांतील समजूत’ म्हणून वेगळ्या कागदावर लिहून, पेटी व चिठ्ठी यांसह त्याच रुमालांत ठेवाव्या, असें आम्हीं सुचविलें व यजमानांनीं तें मान्य केलें. अशा सुट्या पेट्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची मापें व सोबतचे कागद एकत्र टिपून ठेवावे, एवढीच विनंती.