भोपाळच्या मोठ्या तलावात आता वल्हंच बरं

बैतूल, बऱ्हाणपूरकडून हिवाळ्यात भोपाळला जाणारे हमखास विचारतात, मोठ्या तलावातली क्रूझ कुठं गेली? राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर 2023 मध्ये इथल्या क्रूझ आणि मोटारबोटींवर बंदी घातली. कारण सरळ आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला 11व्या शतकातला हा तलाव आजही शहराला पिण्याचं पाणी पुरवतो. इंजिनाचं तेल त्यात उतरलं तर भोगणार नळाखाली घागर लावणारेच. शिवाय भोज पाणथळ 2002 पासून रामसर यादीत आहे.

कयाकला इंजिन नसतं. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आणि आपले हात, बस्स. पूर्वेला कमला पार्कचा मातीचा बांध, त्यालगत राणी कमलापती महाल, पलीकडे 1794 मधला छोटा तलाव. पाण्यानंच हे शहर घडवलंय, हे इथं कळतं.

पण आवाज नाही म्हणून पाहुण्या पक्ष्यांच्या थव्यात घुसायचं नसतं. ते बिचकून उडाले की त्यांचं खाणं-विसावणं मोडतं. कुठवर जायचं, वारा उठला की कधी परतायचं, हे जाणणारा माणूस सोबत हवाच. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच.